पत्त्यावरचं लेबल

जळगावच्या बाजारातल्या त्या पोस्टात पुष्पाबाई फेगडे अठरा वर्षं रजिस्टरच्या खिडकीवर बसत होत्या. पाकीट हातात पडलं की त्या आधी ते उलटसुलट करून बघत. पिनकोड आहे का, पाठवणाऱ्याचं नाव लिहिलंय का, डिंक कुठं सुटलाय का. मग तोंड सुरू होई. "भाऊ, तालुका लिहा." "अक्का, हे नाव मलाच वाचता येईना, पोस्टमनला काय स्वप्न पडणार आहे?" "आत फोटो लावला का? सही केली का?" लोक चिडायचे, रांग खोळंबायची. पण पुष्पाबाईंच्या खिडकीवरून गेलेलं पाकीट सहसा परत यायचं नाही. याचा त्यांना थोडा गर्व होता आणि तो त्या लपवतही नसत.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात, कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता अशा एका दुपारी, पोस्टात मशीन आलं. चार हमालांनी ते टेम्पोतून उतरवलं. लोखंडी कपाटाएवढं, निळं, वर हिरव्या अक्षरांचा पडदा, मध्ये पाकीट ठेवायला स्टीलची गोल ताटली, बाजूला आकड्यांची बटणं. पाकीट ताटलीत ठेवायचं, साधं की रजिस्टर ते बटण दाबायचं, पिनकोड टाकायचा, पडदा सांगेल तेवढी नाणी आत सोडायची. मशीन जरा वेळ घरघरायचं आणि पंजाएवढं पांढरं लेबल बाहेर काढायचं. रजिस्टर असेल तर सोबत पावती. लेबल पाकिटाला चिकटवून पाकीट मशीनच्याच फटीत टाकायचं. खिडकीची गरज नाही आणि कारकुनाचीही नाही. लोकांनी पहिल्याच दिवशी ताटलीचं नाव तवा ठेवलं.

मशीन तीन महिन्यांच्या चाचणीवर होतं. चाचणीचं काम इन्स्पेक्टर बडगुजर साहेबांकडे होतं. माणूस पस्तिशीचा, हुशार, कामाला वाघ. या मशीनवर त्यांची बढती अवलंबून आहे असं ऑफिसात सगळे बोलत. त्यांनी पुष्पाबाईंची खिडकी बंद केली, तिच्यावर पुठ्ठा लावला आणि त्यांना मशीनशेजारी उभं केलं.

"पण साहेब, मी तिथं उभं राहून करू काय?"

"काही करायचं नाही, हेच तुमचं काम. लोकांना आपापलं जमतं का ते बघायचंय. तुम्ही सांगत बसलात, हात लावलात, तर चाचणी कशाची झाली? अगदीच कुणी अडलं तर त्या पाटीकडे बोट दाखवा."

पाटीवर सात सूचना होत्या. लेबल चिकटवा असं लिहिलं होतं, कुठं चिकटवा ते लिहिलं नव्हतं. पुष्पाबाईंनी ते दुसऱ्याच दिवशी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "लिहून देतो वर." वरून काही आलं नाही.

दिवसभर गप्प उभं राहणं पुष्पाबाईंना सोसेना. कॉलेजची पोरं यायची, उगाच तव्यावर कंगवा ठेवून वजन बघायची. एका बाईनं तर जेवणाचा डबाच ठेवला. मारवाडी दुकानदार पटापट बटणं दाबून मोकळे व्हायचे. खेड्यावरची माणसं मात्र पिशवी छातीशी धरून मशीनकडे बघत उभी राहत आणि मग पुष्पाबाईंकडे बघत. पुष्पाबाई पाटीकडे बोट दाखवत. त्यांना स्वतःचीच लाज वाटे. मशीनपासून दारापर्यंत आणि दारापासून मशीनपर्यंत दिवसात किती फेऱ्या होत याला गणती नव्हती. बसायला स्टूल होतं, पण बसलं की पाय आपोआप हलायला लागत.

"काहून अशी येरझाऱ्या घालू राह्यली व?" घरीही त्या तशाच फिरत, तेव्हा नवरा, जीवराम, विचारायचा. तो सूतगिरणीत पाळीवर जायचा. पुष्पाबाई यावलच्या, तोही तिकडचाच. घरात दोघांची बोली अजून केळीच्या बागेतलीच होती.

"कामच नाही तं काय करू?"

"पगार भेटू राह्यला ना? मंग चुपचाप उभी राह्य."

जूनचा दुसरा आठवडा. गुरुवारी मुंबईहून दोन मोठे साहेब मशीन बघायला येणार होते. सकाळपासून फरशी दोनदा पुसून झाली. बडगुजर साहेबांनी इस्त्रीचा सफारी घातला होता. ते पुष्पाबाईंजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, तुमची सवय मला माहीत आहे. आज मात्र तोंडातून शब्द काढू नका. एवढी कृपा करा."

शब्द साधेच होते, पण पुष्पाबाईंना ते लागले. अठरा वर्षांच्या कामाला हा माणूस सवय म्हणतो. खोड असावी तसं.

साडेअकराला पाहुणे आले. सोबत इथल्याच पेपरचा फोटोग्राफर. सगळे मशीनभोवती अर्धगोल करून उभे राहिले आणि नेमका त्याच वेळी दारातून एक शेतकरी आत आला. साठीचा, काटक, पांढरी टोपी, पायात टायरच्या चपला. हातात खाकी लिफाफा, तोही पेपरात गुंडाळलेला. तो सवयीनं पुष्पाबाईंच्या बंद खिडकीकडे गेला, पुठ्ठा वाचला आणि इकडे वळला.

"अक्का," तो पुष्पाबाईंना म्हणाला, "मनी पोरना नर्सिंगना फारम शे. रजिस्टर कराना शे. शनवारलगून धुयाले पोचाले पाहिजे."

शनिवारच्या आत धुळ्याला, पुष्पाबाईंनी मनाशी नोंद केली आणि पाटीकडे बोट दाखवलं.

"आबा, तुम्ही स्वतःच करून बघा ना," बडगुजर साहेब पुढं होऊन गोड आवाजात म्हणाले. "नाव काय तुमचं? गाव?"

"चुडामण पाटील. निंबखेडं, एरंडोलकडनं." म्हाताऱ्यानं एवढ्या साहेबांकडे एकदा बघून घेतलं. मग टोपी नीट केली. "करसू ना. माले वाचता येस. चौथी पास शे मी."

आणि त्यानं खरंच केलं. एकेक सूचना मोठ्यानं वाचत, बोटानं बटण शोधत. लिफाफा तव्यावर ठेवला, रजिस्टरचं बटण दाबलं, पिनकोड एकेक आकडा म्हणत टाकला. कमरेच्या पिशवीतून नाणी काढून सोडली. मशीन घरघरलं. पावती आली, लेबल आलं. मुंबईचे साहेब कौतुकानं मान डोलवत होते. चुडामण आबांनी लेबलाचा मागचा कागद सोलला, लिफाफा मांडीवर धरला, जरा विचार केला आणि लेबल लिफाफ्याच्या बरोब्बर मध्यभागी दाबून बसवलं. सरळ, सुरेख, एक सुरकुती न पडू देता. जिथं पत्ता होता तिथं.

पुष्पाबाईंनी ते पाहिलं. पत्त्याची वरची ओळ, 'मा. प्राचार्य', तेवढी लेबलाच्या वर डोकावत होती. बाकी सगळं पांढरं झालं होतं.

एक शब्द पुरला असता. आबा, थांबा. तो ओठांपर्यंत आलाही. पण त्याच क्षणी त्यांची नजर बडगुजर साहेबांच्या इस्त्रीच्या सफारीवर गेली आणि त्यांच्या मनात काहीतरी वाकडं उठलं. होऊ दे. बघू दे मुंबईवाल्यांना, यांचं मशीन कसं काम करतं ते. होऊ दे जरा फजिती.

मुंबईवाल्यांनी काही बघितलंच नाही. फोटोग्राफर म्हणाला, "आबा, इकडं बघा." चुडामण आबा लिफाफा फटीशी धरून कॅमेऱ्याकडे बघत हसले. लिफाफा आत गेला. टाळ्या झाल्या.

"बठ्ठं मीच करं," आबा पुष्पाबाईंना जाता जाता म्हणाले, "कोन्ही हात लावा नही." आणि पावती टोपीत खोचून निघून गेले.

तेवढ्यात सगळ्यांना मागच्या खोलीत चहाला बोलावलं. पुष्पाबाईंनाही जावं लागलं. मशीनच्या पेटीची किल्ली साहेबांकडे. किल्ली मागायची तर कशासाठी ते सांगावं लागणार आणि ते पाहुण्यांसमोर कसं सांगायचं? थोड्या वेळानं सांगू, असं म्हणता म्हणता पाहुण्यांनी हॉल बघितला, तारघर बघितलं, हारतुरे झाले. पाहुणे जीपमध्ये बसले तेव्हा चार वाजून गेले होते. पुष्पाबाई जवळजवळ धावतच मागच्या खोलीत गेल्या. तिथं मगन थैल्या बांधायचं काम करायचा. तो हात झटकत होता.

"मशीनची पेटी?"

"उघडली ना, साहेबांनी मघाशीच किल्ली दिली. थैल्या गेल्या आत्ताच."

"त्यात एक खाकी लिफाफा होता? मोठा?"

"होता की. कोणी शहाण्यानं पत्त्यावरच लेबल मारलं होतं. सोलून बघितलं, तर कागदच निघायला लागला. लेबलावर पिन धुळ्याचा होता, म्हणून धुळ्याच्या थैलीत टाकला. धुळेवाले बघून घेतील."

धुळेवाले काय बघणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. पत्ता नसलेलं पाकीट एका बाजूला पडतं आणि दोन-तीन दिवसांनी मुंबईच्या ऑफिसात जातं. तिथंच ते उघडायची परवानगी असते. परत यायला महिना, दीड महिना. शनिवार परवावर होता.

शुक्रवारी सकाळी पुष्पाबाईंनी ऑफिसच्या फोनवरून धुळ्याला फोन लावला. अर्ध्या तासानं लागला. पलीकडे भिकन नावाचा पोस्टमन बोलत होता. तोच तिथं रजिस्टर पत्रं वेगळी करायचा.

"हो ताई, आहे. टेबलावरच पडलंय. पत्ता सांगा, लगेच टाकतो बीटवर, त्या भागाच्या पोस्टमनकडे."

"पत्ता मला ठाऊक नाही हो. नर्सिंगचा फॉर्म आहे एवढंच ठाऊक."

"धुळ्यात नर्सिंगच्या तीन संस्था आहेत. त्यात एक तर नुसती नावालाच. कोणाला देऊ? चुकीच्या दारात रजिस्टर दिलं तर माझी नोकरी जाईल. सोमवारी मास्तर मुंबईला पाठवणार, त्याआधी काय ते करा."

पुष्पाबाईंनी फोन ठेवला. दिवसभर मशीनशेजारी उभ्या राहिल्या, पण कोण आलं, कोण गेलं, काही दिसलं नाही. बडगुजर साहेब खुशीत होते. सकाळच्या पेपरात आतल्या पानावर फोटो आला होता: चुडामण आबांचं हसू, फटीत अर्धा गेलेला लिफाफा आणि लिफाफ्यावर मधोमध ते पांढरं लेबल. कुणाच्याही ध्यानात आलं नाही. पुष्पाबाई मात्र तो फोटो तीनदा उलगडून बघून आल्या. जणू एखाद्या वेळी तरी लेबल कोपऱ्यात सरकलेलं दिसेल.

संध्याकाळी त्यांनी पोस्टमास्तरांकडे शनिवारची रजा मागितली. "अचानक?" ते म्हणाले. "घरचं काम आहे," पुष्पाबाई म्हणाल्या आणि खोटं बोलल्याचंही त्यांना वाईट वाटायला जागा उरली नव्हती.

पहाटे साडेपाचची धुळे गाडी. पुष्पाबाई एरंडोलच्या अलीकडे फाट्यावर उतरल्या. तिथून निंबखेडं दोन-अडीच मैल. दूधवाल्याच्या एम-ऐंशीवर मागं बसून त्या गावात पोचल्या तेव्हा साडेसात वाजत होते. घर सापडायला वेळ लागला नाही, पेपरात फोटो आलेल्या माणसाचं घर सगळ्यांना ठाऊक होतं. ओट्याच्या भिंतीवर, मारुतीच्या तसबिरीशेजारी, तो फोटो कणकेच्या खळीनं चिकटवलेला होता.

आबा वावरात गेले होते. त्यांची बायको धुरपदाबाई चुलीशी होती आणि मुलगी बेबा अंगणात भांडी घासत होती. अठरा-एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, केस घट्ट बांधलेले. पुष्पाबाईंनी आपण कोण ते सांगितलं आणि उगाच वळसे न घेता सगळं बोलून टाकलं.

बेबाच्या हातातली परात खाली आदळली.

"म्हणजे माझा फॉर्म गेलाच नाही?"

"धुळ्याच्या पोस्टात आहे. पत्ता दिसत नाही. तू पत्ता सांग, मी आता जाते—"

"आज एक वाजेपर्यंत पोचला पाहिजे. आणि हातानं घेतच नाहीत ते, फक्त रजिस्टर पोस्टानं." ती उठून उभी राहिली. "मी येते. माझं अक्षर आहे त्याच्यावर, मी ओळखीन."

"काय व्हयनं व?" धुरपदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"काई नही माय. धुयाले जाई येस. फारमवर एक सही राही गयी," बेबा म्हणाली. मग पुष्पाबाईंकडे वळून तिनं आवाज खाली आणला. "आबांना यातलं काही सांगायचं नाही. कालपासून गावभर सांगत फिरताहेत, सगळं आपणच केलं म्हणून. बठ्ठं मीच करं, म्हणताहेत."

आबांच्या पेटीतून तिनं ती मशीनची पावती काढून घेतली. फाट्यावर दोघींना धुळ्याची गाडी मिळायला नऊ वाजले. एक गाडी भरलेली म्हणून थांबलीच नाही. दुसरी आली ती पारोळ्यापर्यंत उभ्यानं. पारोळ्याला बाजाराचा दिवस असावा, गाडी स्टँडवरून हलेना. कंडक्टर चहाला गेला तो गेलाच. बेबा एकसारखी खिडकीतून डोकं बाहेर काढत होती. पुष्पाबाई हातातली पिशवी पिळत होत्या.

गाडी सुटल्यावर दोघींना बसायला जागा मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं होती, ढेकळांवर ऊन चकाकत होतं.

"तुम्ही लेबल लावताना बघितलं, म्हणालात ना?" बेबानं अचानक विचारलं.

"हो."

"मग बोलल्या का नाहीत?"

साहेबांनी सांगितलं होतं म्हणून, हे उत्तर जिभेवर तयार होतं. ते खोटंही नव्हतं. पुष्पाबाईंनी ते गिळलं.

"साहेबांनी गप्प राहायला सांगितलं होतं. पण ते काही खरं कारण नाही. ते मशीन माझ्या डोळ्यांत खुपत होतं. म्हटलं, होऊ दे यांची फजिती. तुझ्या फॉर्मचा विचार मनातच आला नाही. आला तो नंतर."

बेबा त्यांच्याकडे बघत राहिली.

"दोन वर्षं आबांच्या मागं लागले होते मी," ती म्हणाली. "ते पाठवायला तयारच नव्हते. मामानं समजावलं तेव्हा कुठं हो म्हणाले. यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षी लग्न करून टाकतील माझं. आणि तुम्ही... मशीन खुपत होतं म्हणून..." ती तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागली. पुष्पाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटून हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला. तो हक्क त्यांना नव्हता.

धुळ्याच्या स्टँडवर उतरल्या तेव्हा पावणेबारा झाले होते. रिक्षानं पोस्टात पोचेपर्यंत बारा. भिकन मागच्या खोलीत होता. चाळिशीचा, सडपातळ, अंगात खाकी. त्यानं काही न विचारता लिफाफा समोर ठेवला.

"हाच," बेबा म्हणाली. 'मा. प्राचार्य' या दोन शब्दांवर तिनं बोट ठेवलं आणि खालचा सगळा पत्ता घडाघडा म्हणून दाखवला. पांझरा नदीच्या पलीकडची संस्था होती.

"मग देतो की," भिकन म्हणाला. "पण मास्तरांना विचारावं लागेल."

पोस्टमास्तर जाडजूड, सावध माणूस होते. त्यांनी पावती बघितली, लेबल बघितलं, दोन्हीवरचा नंबर ताडून पाहिला.

"नंबर जुळतो. पण पावतीवर पाठवणाऱ्याचं नाव नाही, पाकिटावरही दिसत नाही. खिडकीवरची पावती असती तर नाव असतं. उद्या दुसरंच कोणी येऊन म्हणालं, हे माझं होतं, तर? रस्त्यात पडलेली पावती उचलूनही कोणी येऊ शकतं."

"माझं अक्षर जुळवून बघा," बेबा म्हणाली. "मी लिहून दाखवते."

"दोन शब्दांवरून अक्षर जुळवू? पोरी, मला नियमानं चालावं लागतं."

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. पुष्पाबाईंनी टेबलावरचा कोरा कागद ओढला.

"साहेब, मी लेखी दिलं तर? मी खात्याची नोकर आहे, त्या मशीनवर ड्युटीला मीच होते. हे पाकीट कोणी टाकलं ते माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मी जबाबदारी घेते."

मास्तरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "लिहा. पण सगळं लिहा."

पुष्पाबाईंनी लिहिलं. तारीख, वेळ, चुडामण पाटलांचं नाव, लेबलाचा नंबर, पूर्ण पत्ता. आणि शेवटी: लेबल पत्त्यावर चिकटवलं जात असताना मी शेजारी उभी होते. मी ते पाहिलं आणि बोलले नाही.

मास्तरांनी कागद वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"बाई, याची एक प्रत मला जळगावला पाठवावी लागेल. इथं लिहा की तुम्हाला तसा हुकूम होता. मशीनवर मदत करायची नाही असा हुकूम आहे, मी ऐकलंय. स्वतःला वाचवा जरा."

बेबा त्यांच्याकडे बघत होती. पुष्पाबाईंना ते जाणवलं, पण त्या हे तिला दाखवायला करत नव्हत्या. "जसं झालं तसं लिहिलंय," त्या म्हणाल्या आणि खाली सही केली.

मास्तरांनी लाल शाईनं लिफाफ्याच्या कडेला पत्ता लिहिला, शिक्का मारला, वहीत नोंद केली. बारा वाजून पंचवीस मिनिटं. भिकनचं बीट ते नव्हतं, तिथला पोस्टमन आपली डाक घेऊन केव्हाच गेला होता. तरी त्यानं लिफाफा थैलीत घातला आणि सायकल काढली.

"आम्ही येतो," बेबा म्हणाली.

"तुम्ही आलात तर हातानं दिल्यासारखं होईल. इथंच बसा."

बसणं दोघींनाही जमलं नाही. बेबा पोस्टाच्या पायरीवर आणि पुष्पाबाई फाटकापाशी. मध्येच जागा बदलायच्या. समोरच्या रसवंतीतल्या घुंगराचा आवाज एकसारखा येत होता. फाटकापाशी सायकल दिसली की दोघी पुढं व्हायच्या आणि दुसराच कोणी निघायचा. पुष्पाबाईंनी रस मागवला, बेबानं घोटभर घेऊन ग्लास ठेवून दिला. एक वाजला. एक वाजून दहा. पुष्पाबाईंच्या मनात पूल, ऊन, पंक्चर, बंद झालेलं ऑफिस, असं एकामागून एक येत राहिलं.

दीड वाजता भिकन आला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. त्यानं खिशातून सहीचा कागद काढला.

"क्लार्क कपाटाला कुलूप लावत होता. बारा बावन्नला सही घेतली. वेळसुद्धा लिहून घेतली मी." आणि मग बेबाकडे बघून, "पोरी, आता पास हो म्हणजे झालं. माझं जेवण राहिलंय."

बेबा रडली. भिकनसमोर नाही, तो गेल्यावर. रसवंतीच्या बाकावर बसून ओढणीत तोंड घालून रडली. पुष्पाबाई शेजारी बसून राहिल्या. परतीच्या गाडीत ती झोपली. एरंडोलच्या पुढं फाट्यावर उतरताना म्हणाली, "ताई, येते." सकाळपासून तिनं त्यांना काहीच म्हणून हाक मारली नव्हती.

सोमवारी धुळ्याहून कागद आला. बडगुजर साहेबांनी पुष्पाबाईंना खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं.

"'माझ्या लक्षात आलं नाही', एवढं लिहिता आलं नसतं तुम्हाला? चार शब्द! आता हे मुंबईला जाणार. चाचणीच्या अहवालाला जोडणार. मला विचारणार, पाटीवर सूचना का नव्हती."

"पाटीचं मी तुम्हाला सांगितलं होतं साहेब."

साहेबांनी कागदाची घडी घातली. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याखाली आणखीही काहीतरी होतं. थकवा असेल. टेबलावर तोच पेपर पडला होता. त्यांनी तो उलटा करून ठेवला.

"तुमच्यावर ताकीद येईल. माझ्यावरही येईल," ते म्हणाले. "उद्यापासून तुम्ही परत खिडकीवर बसा. मशीनवर दुसऱ्या कोणाला तरी देतो. तुम्हाला तेच हवं होतं ना?"

हवं होतं. महिनाभर त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. पुष्पाबाईंनी काचेतून बाहेर बघितलं. मशीनसमोर एक बाई लेकराला कडेवर घेऊन तव्याकडे बघत उभी होती.

"नको साहेब. मला तिथंच ठेवा."

"तिथं बोलता येणार नाही तुम्हाला."

"मी बोलणार. तुमच्या अहवालात तसं लिहा. मदत लागते, असं लिहा. खरं तेच आहे ना?"

उत्तराची वाट न बघता पुष्पाबाई बाहेर जाऊन परत मशीनशेजारी उभ्या राहिल्या. ताकीद पंधरा दिवसांनी आली, त्यांच्या सेवापुस्तकात चिकटली. पाटीवर आठवी सूचना मात्र आली, आणि तीही मगननं रंगवलेली, वाकड्या अक्षरात: लेबल उजव्या कोपऱ्यात वर लावा. मशीन ऑगस्टपर्यंत राहिलं, मग दुसऱ्या कुठल्या गावाला गेलं. चाचणी यशस्वी झाली म्हणे. बढतीचं काय झालं ते कोणी विचारलं नाही.

बेबाचं नाव पहिल्या यादीत आलं नाही. प्रतीक्षा यादीत दुसरं होतं. सप्टेंबरात दोघी सोडून गेल्या, एकीचं लग्न झालं, एकीला नाशिकला मिळालं, मग बेबाला बोलावणं आलं. हे पुष्पाबाईंना ऑक्टोबरात कळलं, निंबखेड्याच्या दूधवाल्याकडून. तोवर रोज संध्याकाळी मशीन असताना पेटी, मशीन गेल्यावर थैली, असं काहीही बंद व्हायच्या आधी त्या मगनजवळ जाऊन पाकिटांवरचे पत्ते बघत उभ्या राहत. मगन वैतागायचा.

"आता काय राहिलं ताई?"

"काही नाही. बांध तू," पुष्पाबाई म्हणत आणि तरी तिथंच उभ्या राहत.